तो म्हातारचळ नव्हे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रॉक बँडच्या पुनरागमनावरचा लेख वाचला. लेख खुसखुशीत आहे, पण पन्नाशी उलटलेल्यांनी पंक (म्हणजे वेगवान, बंडखोर, आरडाओरड्याचे रॉक) वाजवणे म्हणजे निव्वळ म्हातारचळ, हे काही घशाखाली उतरले नाही. लेखकाने सगळ्यांना एकाच माळेत ओवले आहे.

सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडचे ठीक. १९९६ साली ही मंडळी पुन्हा एकत्र आली, तेव्हा दौऱ्याचे नावच ‘फिल्दी ल्यूकर’ (पापाचा पैसा) ठेवून, पैशासाठी आलो आहोत हे सांगून मोकळी झाली. नवा अल्बम काही केला नाही. पण त्याच लेखात एका ओळीत उरकलेला डिसेंडन्ट्स हा बँड निराळा आहे आणि त्यांचा २०१६ चा अल्बम ‘हायपरकॅफियम स्पॅझिनेट’ तर फारच निराळा.

हे लोक कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचचे. १९८२ साली त्यांचा पहिला अल्बम आला, ‘मायलो गोज टू कॉलेज’. पंधरा गाणी, जेमतेम बावीस मिनिटे. नावात विनोद काही नव्हता. गायक मायलो ऑकरमन खरोखरच जीवशास्त्र शिकायला निघाला होता. पुढे पीएच.डी. झाला, ड्यूपाँट कंपनीत वनस्पतींवर संशोधन करत राहिला. मुखपृष्ठावर त्याचेच व्यंगचित्र: चष्मा, गळ्यात टाय. चामडी जाकिटे आणि साखळ्यांच्या दुनियेत वर्गातल्या हुशार मुलाचे तोंड! मी त्या वेळी बी.एस्सी.ला होतो. अमेरिकेतल्या मावसभावाने टेपवर भरून आणलेली ती कॅसेट ऐकून ऐकून इतकी ताणली गेली होती, की गाणी मुळात किती वेगात आहेत ते मला सीडी आल्यावर कळले.

लेखात ‘बारा वर्षे गप्प बसलेला बँड’ असे म्हटले आहे. २००४ ते २०१६ या काळात नवा अल्बम नव्हता हे खरे, पण गप्प कोणीच बसले नव्हते. मायलो प्रयोगशाळेत गेला की बाकीचे तिघे ‘ऑल’ या नावाने, दुसरा गायक घेऊन वाजवत. ढोलकवाला (ड्रमर म्हणा हवे तर) बिल स्टीव्हन्सन कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावी स्वतःचा स्टुडिओ चालवतो. मधल्या काळात त्याच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली, मेंदूतली गाठ शस्त्रक्रिया करून काढावी लागली. त्यातून उठून हा माणूस पुन्हा त्याच वेगाने ड्रम बडवतो. याला चळ म्हणायचे तर म्हणा.

आता मुद्द्याचे. विशीत या पोरांनी ‘आय लाइक फूड’ नावाचे गाणे केले होते. पाव मिनिटाचे. मला खायला आवडते, एवढेच त्याचे सार. २०१६ च्या अल्बमवर ‘नो फॅट बर्गर’ आहे: डॉक्टरांनी तेलकट बंद केले, आता काय करू? हे गाणे मी पहिल्यांदा ऐकले ते पॅथॉलॉजी लॅबच्या बाकावर, उपाशीपोटी, लिपिड प्रोफाइलसाठी रक्त देऊन झाल्यावर. हातात कापसाचा बोळा, कानात मुलाचे इयरफोन. एकटाच हसतोय म्हटल्यावर शेजारच्या आजी जरा सरकून बसल्या.

पुनरागमनाची पारख मी इथे करतो. पन्नाशीचा माणूस विशीचा राग उसना आणून ओरडू लागला तर लेखकाचा टोमणा शंभर टक्के लागू. इथे तसे नाही. वेग तोच, गाणी तेवढीच आखूड, पण गाऱ्हाणी पन्नाशीची. याच बँडने १९९६ मध्ये, मी म्हातारा झाल्यावर कसा असेन, असे विचारणारे गाणे केले होते. तेव्हा मायलो तेहतीस वर्षांचा होता. वीस वर्षांनी उत्तर आले, त्यात लाज नाही की लाडीगोडीही नाही.

२०१६ च्या अल्बमवरची काही गाणी भरतीची वाटतात, हेही सांगून टाकतो. सोळाच्या जागी बारा चालली असती. आणि रेकॉर्डिंग जरा जास्तच चकचकीत आहे. गायक डेलावेअरला, गिटारवाला ओक्लाहोमात, बाकी दोघे कोलोरॅडोत, असे तुकड्यातुकड्यांनी ते झाले. एका खोलीतल्या घामाचा वास त्याला नाही. त्याच वर्षी मायलोची संशोधनाची नोकरी गेली आणि तो पूर्णवेळ गायक झाला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी! आपल्याकडे या वयात लोक स्वेच्छानिवृत्तीचे हिशेब मांडतात.

लेखकाला सवड असेल तर याच बँडचा २०२१ चा अल्बम ‘नाइन्थ अँड वॉलनट’ही ऐकावा. त्यातली गाणी बँडच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतली, बहुतेक मायलो यायच्या आधीची. मूळच्या तिघांनी २००२ मध्ये ती वाजवून ठेवली आणि तशीच राहून गेली. त्यांतला, म्हणजे बँडचा पहिला गिटारवाला फ्रँक नवेटा २००८ मध्ये वारला. मायलोने आपला आवाज भरला तो २०२० मध्ये. फ्रँकची गिटार अठरा वर्षे गाणाऱ्याची वाट बघत होती.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)