क्योतो नाही, कावागोए

ती. आई-बाबा,
सा. न.

क्योतो आणि निक्को, दोन्ही बेत मी रद्द केलेत. बाबा, आधी पत्र पूर्ण वाचा, मग फोन करा. गुडघ्याचा याच्याशी काही संबंध नाही असं लिहिणार होते, पण तुम्हाला ते पटलं नसतं. निक्कोला इएयासू या शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, समाधीपर्यंत २०७ दगडी पायऱ्या आहेत, आणि तुम्ही खाली बसून राहणार नाही हे आईला आणि मला पक्कं ठाऊक आहे. महाबळेश्वर एकदा झालं, पुरे.

त्याऐवजी एका दिवसात टोकियोजवळच्या कावागोएला जाऊन येऊ. निशी-कासाईहून मेट्रोनं ताकादानोबाबा, तिथं गाडी बदलली की थेट होन-कावागोए. राखीव जागा काढते, उभं राहावं लागणार नाही. गाव सपाट आहे. मागच्या शनिवारी जाऊन लिफ्ट, बाकडी, स्वच्छतागृहं सगळं बघून आले. (आई, कमोडची सीट गरम असते, दचकू नकोस.)

आणि हे काही दुधाची तहान ताकावर नाही हं. १८९३ साली मोठी आग लागून गावाचा बराच भाग जळाला, पण १७९२ सालचं ओसावांचं जाड मातीच्या भिंतींचं घर वाचलं. मग व्यापाऱ्यांनी तशीच दुकानं बांधली, काळ्या गिलाव्याची, वर अवजड कौलं. बाबा, वरच्या खिडक्यांच्या झडपा बघाच. वीतभर जाड, कडांना पायऱ्यापायऱ्या पाडलेल्या, एकीत दुसरी बसते आणि ज्वाळेला फट म्हणून राहत नाही. गवंड्याच्या मागे ओळंबा घेऊन फिरणारा माणूस तिथून लवकर हलायचा नाही, म्हणून वेळ राखून ठेवलाय. तीनला लाकडी मनोऱ्यावरची घंटा वाजते, ती ऐकू आणि मग किता-इन देवळात जाऊ. १६३८ च्या आगीत ते जळालं, तेव्हा शोगुननं एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, किल्ल्यातल्या महालाच्या खोल्या उचलून तिथं आणवल्या. तेव्हा महाराज आठ वर्षांचे, हे तुमच्या आधी मीच सांगून टाकते!

आई, तुझी काळजी जेवणाची. इथं साध्या रश्शातही माशाचा अर्क असतो, म्हणून डबा मी घरूनच घेणार. पण कावागोए रताळ्यांसाठीच प्रसिद्ध आहे. त्या दिवशी संकष्टी आली तरी भाजलेलं रताळं गरम गरम मिळेल, साल मी काढून देईन.

रायगडावर रडून बसले होते तेव्हा बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं. त्यांच्या शर्टाला येणारा घामाचा आणि विड्याचा वास अजून आठवतो. आता तुम्ही माझ्या चालीनं चालायचं नाही, मी तुमच्या चालीनं चालणार.

आता मुकाट्यानं ऐका. बाबांनी नाडीचे बूट आणू नयेत, देवळात काढावे लागतात. फरशी गार असते, जाड मोजे घ्या, न फाटलेले. गुडघ्याचा पट्टा सुटकेसमध्ये नको, हातातल्या पिशवीत ठेवा. गोळ्या महिनाभराच्याच आणा, जास्त आणायच्या तर आधी परवानगी काढावी लागते, मला कळवा. चिठ्ठीही सोबत ठेवा. आई, ताजा कढीपत्ता आणि फळं अजिबात आणायची नाहीत, विमानतळावर काढून घेतात. विमानतळावरची व्हीलचेअर मी सांगून ठेवलीय. बाबा, त्यात बसायचं. वाद नको.

क्योतोचं राहिलं म्हणून मन खट्टू करू नका. गुडघ्याचं डॉक्टरांनी सांगितलेलं करून घेतलंत की पुढच्या खेपेला नेते. डॉक्टरांची तारीख कधीची मिळाली, तेवढं या आठवड्यात कळवा.

तुमची,
मनू