माशांना पाव घालण्याचा सल्ला नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला मालवणच्या स्नॉर्कलिंगवरचा लेख वाचला. फोटो सुरेख होते. पण शेवटच्या चौकटीत 'सोबत लादीपाव न्या, मासे हातातून खातात' असा सल्ला आहे, तो वाचून हे पत्र लिहायला बसले.

दिवाळीच्या सुट्टीत मीही नातवाला घेऊन मालवणला गेले होते. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबली, मास्क आणि नळ्या लावून आम्हाला पाण्यात सोडलं आणि होडीवरच्या मुलाने पाव कुस्करून भिरकावला. काळ्या पट्ट्यांच्या, तळहाताएवढ्या पिवळसर माशांची अशी झुंबड उडाली की खालचे प्रवाळ दिसेनासे झाले. इंजिनाचा आवाज येताच ते वर जमू लागले होते, हे मी आधीच पाहिलं होतं. नातवाने वर आल्यावर विचारलं, "आजी, आपण आलो नाही तर हे काय खातात?"

प्रश्न चोख होता. तीस वर्षं मी फळ्यावर गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार अशी सरळ रेषेतली अन्नसाखळी काढत आले. प्रवाळांपाशी ती रेष पहिल्याच पायरीला गुंतते. प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हात अन्न तयार करतं आणि प्रवाळाची ऊर्जेची गरज ९० टक्क्यांपर्यंत भागवू शकतं. रात्री तोच प्रवाळ मिशांसारखे तंतू पसरून पाण्यात तरंगणारे बारीक जीव पकडतो. मग याला उत्पादकांच्या रकान्यात लिहायचं की भक्षकांच्या?

पुढे गुंता वाढतच जातो. प्रवाळ अंगातून सतत चिकट स्राव सोडतो. त्यातला पाण्यात विरघळलेला भाग बहुतेक प्राण्यांना खाताच येत नाही. तो भाग स्पंज नावाचे, खडकाला चिकटून राहणारे प्राणी शोषून घेतात आणि स्वतःच्या पेशी झाडून टाकतात, त्या कणांवर गोगलगायी, किडे, खेकडे जगतात. आमच्या ठाण्याच्या खाडीत तिवरांची पानं कुजतात आणि त्या चिखलावर चिंबोऱ्यांपासून निवट्यांपर्यंत सगळ्यांची चंगळ असते. प्रवाळांच्या नितळ पाण्यात अन्नद्रव्यं मुळातच कमी, म्हणून तिथे उष्टंखरकटंही फिरून ताटात येतं.

आता ते पट्ट्यांचे मासे. प्रवाहाबरोबर वाहत आलेले सूक्ष्म जीव टिपणं हे त्यांचं एक मोठं काम. त्यांच्या मलमूत्रातून ते अन्न खत होऊन प्रवाळांना मिळतं, म्हणजे बाहेरचा शिधा घरात आणणारी ही मंडळी. शिवाय ते शेवाळ खातात आणि संधी साधून दुसऱ्या माशांची अंडीही फस्त करतात. पावाच्या आशेने एकाच जागी त्यांची गर्दी वाढवून आपण तिथल्या अंड्यांवर कोणती पाळी आणतो, हे त्या चौकटीत कुठेच नव्हतं.

शेवाळ खाणारे तर फार महत्त्वाचे. ते चरले नाहीत तर शेवाळ प्रवाळांवर चढतं आणि प्रवाळांच्या नव्या पिल्लांना चिकटायला खडक उरत नाही. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडतो आणि पोटातून वाळू बाहेर टाकतो. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो. घोडबंदर रोडवरून मालदीवला जाऊन जी मंडळी पांढऱ्या वाळूवर लोळतात, त्यांनी ती कुठून आली हे न विचारलेलंच बरं.

कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटाजवळ पोपटमासे वगैरे आधीच बेसुमार पकडले गेले होते. तरी शेवाळ आटोक्यात होतं, कारण लांब काट्यांचे काळे सी अर्चिन, म्हणजे काटेरी चेंडूसारखे समुद्री प्राणी, ते चरत होते. १९८३-८४ मध्ये कॅरिबियनमध्ये त्यांच्यात रोगाची साथ आली आणि ९० टक्क्यांहून जास्त सी अर्चिन मेले. त्यांची जागा घ्यायला कुणी उरलंच नव्हतं. त्याआधी १९८० च्या वादळाचा तडाखा बसलेलाच होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे निम्म्या तळावर असलेले जिवंत प्रवाळ १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्क्यांच्याही खाली आले. अन्नाच्या जाळ्याचे धागे एकेक करून कापले जात होते आणि शेवटचा तुटेपर्यंत वरून सगळं ठीकच दिसत होतं.

मालवण म्हणजे जमैका नव्हे आणि एका पावाने प्रवाळ मरत नाहीत, हे मलाही कळतं. पण १९८७ पासून ते सागरी अभयारण्य आहे. ताडोबात हरणांना वडापाव घाला असं आपण छापलं असतं का?

त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत ही दुरुस्ती छापावी. आमच्या भागातून शाळांच्या आणि सोसायट्यांच्या सहली आता निघतील आणि कुणी ना कुणी ते कात्रण फोनमध्ये ठेवलं असेल.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
नौपाडा, ठाणे