व्हिएतनामला जाताय, मग ‘मी सॉन’ सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत हल्ली व्हिएतनामवर बरंच येतं, पण दा नांगचा तो दोन हातांवर पेललेला सोनेरी पूल आणि होई आनचे कंदील याच्यापुढे कोणी जातच नाही म्हणून लिहितोय. आमच्या टूरच्या प्रोग्राममध्येही ‘मी सॉन’ हा जुन्या हिंदू देवळांचा समूह नव्हता, होई आनपासून साधारण 40 किलोमीटर फक्त, शेवटी शॉपिंगचा दिवस सोडून आम्ही दोघांनी स्वतःच गाडी केली.

डोंगरांनी वेढलेली लाल विटांची देवळं. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वराचं, म्हणजे शिवाचं देऊळ बांधलं आणि पुढे तेराव्या शतकापर्यंत चंपा या तिथल्या जुन्या राज्याचे राजे बांधतच राहिले. विटा इतक्या घट्ट बसल्यात की सांध्यात नख शिरत नाही, चुना दिसतच नाही. आणि बाजूलाच गवत माजलेले मोठाले खड्डे, ते अमेरिकन बॉम्बचे, 1969 मध्ये तिथलं सगळ्यात भव्य देऊळ त्यातच गेलं. बघून पोटात कालवलं. भारताच्या पुरातत्त्व खात्याने काही देवळं सावरलीत, 2020 मध्ये त्याच कामात नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं.

पण तिथे भेटलेले आपले लोक ‘हे सगळं आपलंच’ म्हणत फोटो काढत होते ते मला नाही पटलं. अहो, शिलालेखांत संस्कृतबरोबर चंपाच्या लोकांची चाम भाषा पण आहे, मूर्तींचे चेहरे तिथले आहेत आणि चाम लोक आजही आहेत, फान रांगच्या पो क्लोंग गराई देवळात काते सण करतात. शिव त्यांचाही आहे!

या देशात बाहेरून आलेलं सगळं असंच मुरलंय. कॉफी फ्रेंचांनी आणली, ताजं दूध मिळेना म्हणून त्यात कंडेन्स्ड मिल्क आलं आणि आता त्याशिवाय तिथली कॉफी नाही, लिपी पोर्तुगीज आणि फ्रेंच मिशनऱ्यांनी घडवलेली रोमन, आणि होई आनचा जपानी पूल, ज्याच्या एका टोकाला कुत्रा, दुसऱ्या टोकाला माकड अशा मूर्ती आहेत, तो तर त्यांच्या 20,000 डोंगच्या नोटेवर आहे.

तेव्हा पुढचा लेख छापाल तेव्हा ‘मी सॉन’ला आणि दा नांगच्या चाम म्युझियमला थोडी जागा द्या प्लीज, आणि सकाळी लवकर पोचायला सांगा, उन्हं चढली की तिथे उभं राहवत नाही.

– एक वाचक