फ्रीजरमधल्या बाहुल्या : विश्रामबागच्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिलं तर पुढच्या रविवारी तुम्ही दार उघडणार नाही हे मला माहितीये. ओळखणारे तसंही ओळखतीलच, टपाल तिकिटांचा अल्बम मटारच्या पिशवीशेजारी फ्रीजरमधे ठेवणारा माणूस अख्ख्या सांगलीत दुसरा कोण असणार. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "चहा टाकायला सांगू का" म्हणून विषय बदलता, सहा वर्षं हेच चाललंय, म्हणून म्हणलं आता सगळ्यांसमोरच लिहून टाकावं.

2019 चा ऑगस्ट. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी 45 ची. आम्ही गावभागात तळमजल्यावर. आईची औषधं, पोरीची दप्तरं, सिलेंडर, हे सगळं हलवण्यात कपाटाच्या खालच्या खणातला अल्बम डोक्यातनं गेला तो गेलाच. पाणी उतरल्यावर आठवड्यानं दार उघडलं तर आत गुडघाभर चिखल, आणि अल्बम फुगून डबल रोटीसारखा झालेला, कडेनं गाळ गळतोय. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी, माझ्याकडं दागिने-बिगिने कुठले, होतं ते हेच होतं. बायको म्हणाली टाकून दे, वास यायला लागलाय. मी पण टाकणारच होतो खरं सांगतो, पण आधी तुम्हाला फोन केला, रडायलाच केला होता म्हणा.

तुम्ही पहिलं वाक्य काय म्हणालात ते अजून कानात आहे. "उघडला नाहीस ना?" बस. सांत्वन नाही, अरेरे नाही. उघडू नको, पानं ओढू नको, उन्हात तर अजिबात ठेवू नको, वरचा चिखल अलगद धू, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांध आणि इकडं घेऊन ये. मला वाटलं म्हातारा येडा झालाय. आलो तर काकूंनी फ्रीजर आधीच मोकळा करून ठेवलेला, आईस्क्रीमचा डबा बाहेर काढून पोरीच्या हातात दिला आणि त्या जागी माझा अल्बम. तेव्हा तुम्ही समजावून सांगितलंत की ओला कागद तसाच ठेवला की बुरशी धरते आणि तिकिटाच्या मागचा गम सुकताना पानाला असा चिकटतो की मग तिकीट निघत नाही, फाटतं. गोठवलं की हे सगळं थांबतं, आणि मग आपल्या सवडीनं दोन-दोन पानं काढून सोडवायची. आमच्या घराला सवड म्हणजे काय तेव्हा माहीत नव्हतं, भिंती सुकायलाच दिवाळी गेली.

मग चालू झाले आपले रविवार. मी आलो की तुमचं पहिलं वाक्य, हात धुवून ये. साबणानं. परत धू. कारण माझ्या नखांत हळद असतेच, आठवडाभर पोती हाताळून ती जाते कुठं, आणि हळदीचं बोट तिकिटाला लागलं की संपलं. मग परातीत साधं गार पाणी, त्यात पान सोडायचं, आणि वाट बघायची. मला वाट बघता येत नव्हती, मी चिमट्यानं उचलायला जायचो की तुम्ही मनगटावर फटका मारायचा. तिकीट स्वतःहून सुटून वर तरंगलं की मगच हात लावायचा. पाणी बदलायचं, परत एकदा बुडवायचं, टिपकागदावर पालथं ठेवायचं, वरून दुसरा टिपकागद, आणि त्याच्यावर तुमची ती जाडजूड जुनी टेलिफोन डिरेक्टरी, जी तुम्ही फक्त याच कामासाठी जपून ठेवलीये.

माझा सगळा संग्रह बाहुल्यांच्या तिकिटांचा हे तुम्हाला तोपर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे मी तरी बाहुल्यांचा म्हणायचो. कठपुतळी दिसली की घे, इंडोनेशियाचे ते वायांग बाहुले दिसले की घे, जपानच्या बुनराकू बाहुल्यांचं काही मिळालं की घे, असा सगळा गोळा. आणि त्यातच घुसलेला 1974 चा मुखवट्यांचा सेट, सूर्य, चंद्र, नरसिंह आणि रावण. मी आपला ओशाळून म्हणलं, हे चुकून आलंय काका, या बाहुल्या नाहीत. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून कितीतरी वेळ बघत बसला आणि म्हणाला, "चुकून नाही आलं. तुला गोष्ट सांगता येत नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतंय."

त्या दिवशी जे सांगितलंत ते लिहितो, कारण नवीन गोळा करणाऱ्या पोरांना पण कामाचं आहे. ओडिशात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आहे, रावणछाया. बाहुल्या एकेका तुकड्याच्या, सांधा नाही, रंग नाही, नुसती काळी सावली पडद्यावर. गोष्ट सगळी रामाची पण नाव रावणाच्या सावलीचं, आणि लोक म्हणतात की राम तेजस्वी, त्याची सावली कशी पडणार. आता ठेव तो रावणाचा मुखवटा या पानावर, आणि खाली 2017 ला आलेली रामायणाची 11 तिकिटं. मग म्हणाला, 1975 च्या नृत्यांच्या सेटमधलं कथकली फेकून देऊ नको, केरळमधे हातमोज्यासारख्या घालायच्या बाहुल्या असतात त्यांचा पोशाख-मुकुट सगळा कथकलीचाच असतो, पावकथकली म्हणतात. 2002 ला भारत-जपाननं मिळून काढलेलं कथकली आणि काबुकी या जपानी नाटकाचं पण त्याच पानावर, म्हणजे तुझ्या जपानी बुनराकूला शेजार मिळाला. तिकिटावर बाहुली असलीच पाहिजे असं कुठं लिहिलंय? मी तर गप्पच झालो. दहा वर्षं मी चित्रं मोजत होतो फक्त.

आणि ते कर्नाटकाचं. आपल्याकडनं जत ओलांडलं की कर्नाटक, आणि मला तोगलू गोंबेयाटा हे नाव सुद्धा माहीत नव्हतं. चामड्याच्या बाहुल्या, मागं दिवा, पुढं पडदा. तुम्ही म्हणालात की कर्नाटक-आंध्रात हा खेळ करणाऱ्या बऱ्याच घरांत अजून मराठीचाच एक जुना प्रकार बोलतात, खेळ कन्नडमधे नाहीतर तेलुगूत आणि स्वयंपाकघरात मराठी. मला खरं वाटेना. मग 2025 ला हाच खेळ करणाऱ्या कोप्पळ जिल्ह्यातल्या भीमव्वा आज्जींना नव्वदीच्या पुढं पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्ही पेपरचं कात्रण कापून ठेवलेलं, मी आलो की न बोलता पुढं सरकवलंत.

सांगलीकर म्हणून सगळ्यात जास्त लाज मात्र विष्णुदास भाव्यांवरून वाटली. 1843, सीता स्वयंवर, मराठी नाटकाची सुरुवात, हे आम्हाला शाळेपासून पाठ, नाट्यमंदिरावरनं रोज जातो. पण भाव्यांनी स्वतः लाकडी बाहुल्या केल्या होत्या आणि त्याच बाहुल्या पुढं रामदास पाध्यांनी दुरुस्त करून परत नाचवल्या, हे मी बाहुल्यांचा संग्रह करतो म्हणून मिरवणाऱ्याला तुमच्याकडनं कळावं? तुम्ही हसला नाहीत हे तुमचं मोठेपण. माझा म्हणा किंवा कुणाचाही मामा असता तर वर्षभर चिडवलं असतं.

मग तुम्ही हट्टच धरला की कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन ये, घरात बसून बाहुल्या कळत नाहीत. पैसे नव्हते, पुराचं कर्ज डोक्यावर, तरी फोंडा घाटातनं एसटीनं कुडाळ गाठलं, पोरगी बरोबर. बाहुल्या नाचवणं ही तिथल्या ठाकर लोकांची कला, परशुराम गंगावण्यांनी गुरांच्या गोठ्यात म्युझियम उभं केलंय, 2021 ला त्यांना पद्मश्री मिळाली. तिथं कळसूत्री बाहुली पोरीच्या हातात दिली तर पहिल्यांदा तिचे दोरे असे गुंतले की राजा जमिनीवर आडवा आणि पाय वर. लांबनं वाटतं बोटं हलवली की झालं, पण दोरे बांधलेली पट्टी जराशी तिरकी झाली तरी मान भलतीकडंच वळते. नंतर चित्रकथी दाखवली. चित्रं एकमेकांच्या पाठीला चिकटवलेली, त्याची पोथी, गाणं म्हणत एकेक चित्र पुढं धरायचं, गोष्ट पुढं सरकली की चित्र उलटायचं, मागं पुढचं चित्र तयारच. मी तिथंच खाली बसलो काका. तुम्ही रविवारी माझ्या अल्बमाचं पान उलटायच्या आधी थांबून जे बोलायचा ना, ते हेच होतं. कुडाळच्या पोस्टातनं तुम्हाला पत्र टाकलं ते त्याच दुपारी, त्यावर रामायणातलं एक तिकीट लावलं, पुरात भिजून गम गेलेलं, घरनं डिंक नेला होता. गम गेला तेव्हा मी किंमत गेली म्हणून आठवडाभर तोंड पाडून बसलो होतो आणि तुम्ही म्हणाला होतात, आता मोकळी झाली बिचारी, पत्रावर लाव. तर लावलं.

मागच्या वर्षी तिकिटांच्या प्रदर्शनात एक फ्रेम लावली, 16 पानं. परीक्षकांनी रावणाच्या कपाळावरच्या तपकिरी रेघेवर बोट ठेवलं आणि कंडिशनचे मार्क कापले. ती रेघ मी पुसायला गेलो होतो तेव्हा तुम्हीच हात धरला होतात, म्हणाला होतात राहू दे, कृष्णामाईचा शिक्का आहे तो, असं कॅन्सलेशन दुसऱ्या कुणाच्या अल्बमात नाही. मी परीक्षकांना पुराचं सांगायला लागलो तर ते पुढच्या फ्रेमला गेले. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही काकूंकडं बघून फक्त "चहा टाक" म्हणालात.

तर आभार. फ्रीजरचे, टिपकागदाचे, मनगटावरच्या फटक्यांचे. आणि काकूंचे वेगळे, तीन महिने त्यांनी आमच्यापायी बर्फ सुद्धा लावला नाही. त्या दिवशी बाहेर काढलेला आईस्क्रीमचा डबा अजून आमच्याकडंच आहे, पोरीनं त्यात स्वतःची तिकिटं ठेवायला सुरुवात केलीये, त्यामुळं तो काय आता परत मिळत नाही, रविवारी बदल्यात भडंग घेऊन येतो. हात घरनंच धुवून येईन.

तुमचा,
गावभागातला हळदीच्या बोटांचा