बेअरस्टो नियमानेच बाद होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंड-ऑस्ट्रेलिया अॅशेस मालिकेतल्या लॉर्ड्स कसोटीच्या शेवटच्या दिवशी इंग्लंडचा जॉनी बेअरस्टो ज्या रीतीने बाद झाला, त्यावर आपल्या पत्रांच्या सदरात गेले काही दिवस चर्चा रंगली आहे. बहुतेक पत्रांचा सूर असा की ऑस्ट्रेलियाने रडीचा डाव खेळला आणि त्यांचा कर्णधार पॅट कमिन्सने अपील मागे घ्यायला हवे होते. एका वाचकाने तर यष्टिरक्षक अॅलेक्स कॅरीला सरळ 'चोर' म्हटले आहे. मुंबईच्या मैदानांवर मी बरीच वर्षे क्लब क्रिकेटमध्ये पंच म्हणून उभा राहिलो. एका यष्टिरक्षकाला त्याच्या सावधपणाबद्दल चोर ठरवलेले वाचून मला गप्प बसवले नाही, म्हणून हे पत्र.

आधी प्रत्यक्ष घडले काय ते पाहू. २ जुलै २०२३, रविवार. इंग्लंडला विजयासाठी ३७१ धावा हव्या होत्या. कॅमेरून ग्रीनच्या षटकाचा शेवटचा चेंडू उसळता होता. बेअरस्टो खाली वाकला, चेंडू डोक्यावरून कॅरीकडे गेला. बेअरस्टोने बुटाने क्रीजवर रेघ ओढल्यासारखे केले आणि मागे वळूनही न पाहता तो समोरच्या टोकाला उभ्या असलेल्या कर्णधार बेन स्टोक्सकडे चालू लागला. कॅरीने चेंडू हातात धरून ठेवला नाही, वाट पाहिली नाही, कसली हुलकावणीही दिली नाही. चेंडू येताक्षणी त्याने तो खालच्या हाताने यष्ट्यांकडे फेकला आणि तो थेट लागला. तिसरे पंच मराय इरास्मस यांनी बेअरस्टोला बाद दिले. ६ बाद १९३.

चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेला की 'डेड' होतो, म्हणजे खेळात राहत नाही, असे अनेकांनी लिहिले आहे. तसे नाही. नियम २० म्हणतो की चेंडू यष्टिरक्षकाच्या किंवा गोलंदाजाच्या हातात अखेरचा स्थिरावला पाहिजे, आणि तो स्थिरावला की नाही हे ठरवण्याचा अधिकार फक्त पंचांचा. दुसरी वाट अशी की क्षेत्ररक्षण करणारा संघ आणि दोन्ही फलंदाज, सगळ्यांनीच चेंडू खेळात असल्याचे मानणे सोडले आहे, हे गोलंदाजाच्या टोकाच्या पंचांना स्पष्ट दिसले पाहिजे. फलंदाजाने एकट्याने मनाशी ठरवून चालत नाही. जो यष्टिरक्षक त्याच क्षणी यष्ट्यांवर नेम धरतो आहे, त्याने चेंडू खेळात नाही असे मानले होते, हे कोण म्हणेल?

'बेअरस्टो धाव थोडाच घेत होता?' हा प्रश्नही बऱ्याच पत्रांत आहे. पण यष्टिचीतच्या नियमात, म्हणजे नियम ३९ मध्ये, फलंदाज धाव घेत नसावा हीच तर अट आहे. धाव घेताना क्रीजबाहेर सापडला तर तो धावचीत. धाव घेत नसताना यष्टिरक्षकाने एकट्याने टिपला तर यष्टिचीत. यष्टिरक्षक यष्ट्यांना चिकटून उभा असावा की पंधरा पावले मागे, त्याने हातातल्या चेंडूने बेल्स उडवाव्यात की लांबून फेकून, याचे कसलेही बंधन नाही.

आझाद मैदानावर किंवा क्रॉस मैदानावर एखादा सामना थांबून पाहा. बारा-तेरा वर्षांचा मुलगा चेंडू सोडतो, खेळपट्टीवरचा खडा बाजूला करायला पुढे निघतो, पण आधी मागे वळून यष्टिरक्षकाकडे पाहतो. हात वर करतो, किंवा तोंडाने विचारतो, 'जाऊ का?' यष्टिरक्षक मान हलवतो, मग तो क्रीज सोडतो. ही सवय त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेली नसते. पहिल्या-दुसऱ्या सामन्यातच त्याच्या कोचने नाही तर एखाद्या दादाने त्याला दटावलेले असते. जे आपल्या मैदानावरच्या पोराला कळते, ते कसोटी खेळणाऱ्या फलंदाजाला, आणि त्यातही जो स्वतः यष्टिरक्षक आहे त्याला, कळू नये? याच बेअरस्टोने याच सामन्यात मार्नस लाबुशेन क्रीजबाहेर दिसताच यष्ट्यांवर चेंडू फेकला होता. तो लागला नाही इतकेच. २०१४ साली कौंटी सामन्यात त्याने नॉटिंगहॅमशायरच्या समित पटेलला असेच यष्टिचीत केले होते. तेव्हा त्याला कुणी खेळभावना शिकवायला गेल्याचे माझ्या वाचनात नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा!

कमिन्सने नंतर सांगितले की बेअरस्टो आधीच्या चेंडूंनाही असाच बाहेर पडत होता आणि ते कॅरीने हेरले होते. आपल्या रविचंद्रन अश्विननेही हेच म्हटले: फलंदाजाची सवय लक्षात आल्याशिवाय कोणताही यष्टिरक्षक इतक्या लांबून कसोटीत नेम धरणार नाही. हे कसब आहे. त्याला कपट म्हणणे हा त्या खेळाडूवर अन्याय आहे.

या मालिकेला 'अॅशेस' हे नाव ज्या सामन्यामुळे पडले, त्याचा उल्लेख एकाही पत्रात नाही, याचे मला नवल वाटते. ऑगस्ट १८८२, ओव्हल. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात सॅमी जोन्सने धाव पूर्ण केली आणि तो खेळपट्टी ठोकायला क्रीजबाहेर आला. इंग्लंडच्या डब्ल्यू. जी. ग्रेसने चेंडू हातात असताना शांतपणे बेल्स उडवल्या आणि अपील केले. जोन्स धावचीत. ऑस्ट्रेलियाचा फ्रेड स्पॉफर्थ संतापला. इंग्लंडला जिंकायला फक्त ८५ धावा हव्या होत्या. स्पॉफर्थने ४४ धावांत ७ बळी घेतले, इंग्लंडचा डाव ७७ धावांत आटोपला आणि ऑस्ट्रेलियाने ७ धावांनी सामना जिंकला. त्यानंतर लंडनच्या एका साप्ताहिकात इंग्लिश क्रिकेटची मृत्युवार्ता छापून आली: देहाचे दहन होईल आणि रक्षा ऑस्ट्रेलियाला नेली जाईल. म्हणजे ज्या रक्षेसाठी हे दोन देश १४० वर्षे झुंजताहेत, तिच्या मुळाशीच क्रीजबाहेर भटकलेला एक फलंदाज आणि त्याला बाद करणारा इंग्लंडचा सर्वांत थोर खेळाडू आहे. ग्रेसचे लॉर्ड्सवर प्रवेशद्वार आहे. कॅरीला त्याच लॉर्ड्सवर 'तेच ते ऑस्ट्रेलियन, कायमचे लबाड' अशा आरोळ्या ऐकाव्या लागल्या.

ऑस्ट्रेलियाची बाजू घेतली की लगेच १९८१ चा तो सरपटी चेंडू पुढे केला जातो. तो मुद्दा रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. ग्रेग चॅपेलने न्यूझीलंडविरुद्ध शेवटचा चेंडू भाऊ ट्रेव्हरला जमिनीवरून सरपटत टाकायला लावला. तेव्हाच्या नियमात तो बसत होता, तरी ते कृत्य लाजिरवाणेच होते. कारण समोरच्या फलंदाजाने काहीही चूक केलेली नव्हती. त्याच्याकडून खेळण्याची संधीच काढून घेतली गेली. इथे बेअरस्टोने स्वतःच्या पायांनी क्रीज सोडली. कॅरीने त्याला फसवून बाहेर काढले असते, चेंडू हातात धरून 'षटक संपले' असा आव आणला असता, तर मीही आज त्याच्या विरोधात लिहिले असते.

आता महेंद्रसिंह धोनी आणि गुंडप्पा विश्वनाथ यांच्याविषयी. ही दोन्ही नावे आपल्या वाचकांनी मोठ्या प्रेमाने घेतली आहेत आणि ते प्रेम माझ्याही मनात आहे. फेब्रुवारी १९८० च्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत वानखेडेवर इंग्लंडची ५ बाद ५८ अशी अवस्था असताना बॉब टेलरला यष्टिरक्षकाकरवी झेलबाद दिले गेले. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या कर्णधार विश्वनाथला, म्हणजे आपल्या विशीला, वाटले की चेंडू बॅटला लागलाच नाही. त्याने टेलरला परत बोलावले. टेलर आणि इयन बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि आपण दहा गड्यांनी हरलो. मी तो सामना स्टँडमधून पाहिला आहे. पराभवानंतरही विशीबद्दल कुणाच्या तोंडून वाईट शब्द ऐकला नाही. पण नीट पाहा: टेलर बादच नव्हता. विशीने पंचांची चूक दुरुस्त केली. बेअरस्टोच्या बाबतीत चूक पंचांची नव्हतीच, मग कमिन्सने दुरुस्त काय करायचे होते?

धोनीचे उदाहरण याच्या जास्त जवळचे आहे. २०११ साली ट्रेंट ब्रिजला आपल्याविरुद्ध खेळताना इंग्लंडचा इयन बेल चौकार गेला असे समजून चहापानाला निघाला आणि १३७ वर धावचीत ठरला. धोनीने चहापानात अपील मागे घेतले, बेल परत आला आणि १५९ पर्यंत गेला. धोनीचे ते औदार्य होते. आयसीसीने पुढे त्यासाठी दशकातला खेळभावनेचा पुरस्कार त्याला दिला, तो योग्यच. परंतु औदार्य दाखवायचे की नाही हे देणाऱ्याच्या मनावर असते. नियम ३१ मध्येही अपील मागे घेण्याची मुभा कर्णधाराला आहे, सक्ती नाही. एकाने उदार होऊन दिले म्हणून दुसऱ्याकडे ते हक्काने मागता येत नाही, आणि त्याने दिले नाही म्हणून त्याला शिव्या तर मुळीच घालता येत नाहीत.

आणि याच कसोटीत नियमाचे पुस्तक इंग्लंडच्या बाजूनेही उघडले गेले होते. शनिवारी संध्याकाळी बेन डकेटचा झेल मिचेल स्टार्कने सीमारेषेजवळ घेतला, पण घसरताना चेंडू जमिनीला टेकला. याच इरास्मस यांनी डकेटला नाबाद दिले. डकेटने ८३ धावा केल्या. त्या निर्णयाला लॉर्ड्सवर टाळ्या पडल्या. चोवीस तासांच्या आत त्याच पंचांनी, त्याच पुस्तकाच्या आधारे दुसऱ्या बाजूने निर्णय दिला तर ते पुस्तक खोटे कसे ठरते?

मला खरा संताप आहे तो लाँग रूममध्ये, म्हणजे खेळाडू ज्यातून ये-जा करतात त्या लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमधल्या दालनात, जे घडले त्याचा. उपाहाराला आत जाणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजा आणि डेव्हिड वॉर्नर यांना एमसीसीच्या (मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या) सभासदांनी अडवून शिवीगाळ केली. क्लबने बिनशर्त माफी मागितली, तीन सभासदांना निलंबित केले. क्रिकेटचे नियम लिहिणारी, ते जपणारी, खेळभावनेची प्रस्तावना त्या नियमांना २००० साली जोडणारी संस्था हीच. तिच्याच सभासदांनी तिच्याच नियमाने झालेल्या निर्णयावर पाहुण्यांच्या अंगावर जावे! आदल्याच दिवशी पोटरीच्या दुखापतीने लंगडत फलंदाजीला उतरलेल्या ऑस्ट्रेलियाच्या नेथन लायनला याच लॉर्ड्सने उभे राहून मानवंदना दिली होती. क्रिकेटची जाण असलेले प्रेक्षक आहेत ते, म्हणूनच हे जास्त लागते. पुढे दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी यात उडी घेतली. त्याची गरज नव्हती.

स्टोक्सबद्दल मात्र मला आदर आहे. आपण अशा रीतीने जिंकू इच्छिणार नाही, असे तो म्हणाला, पण बेअरस्टो बाद होता हे त्याने नाकारले नाही. आणि नंतर त्याने जी खेळी केली ती! २१४ चेंडूंत १५५, त्यात ९ षटकार. ग्रीनला लागोपाठ तीन षटकार मारून त्याने शतक गाठले. स्टुअर्ट ब्रॉडबरोबर १०८ धावांची भागी झाली. इंग्लंड ४३ धावांनी हरले, परंतु रागाला उत्तर कसे द्यावे हे त्याने बॅटने दाखवले. आपल्याकडच्या चर्चेत या खेळीला चार ओळीही मिळू नयेत, याचे वाईट वाटते.

आपल्या क्रिकेटप्रेमींना तर हा वाद ओळखीचा असायला हवा. सप्टेंबर २०२२ मध्ये याच लॉर्ड्सवर, झूलन गोस्वामीच्या निरोपाच्या सामन्यात, दीप्ती शर्माने क्रीज सोडून पुढे गेलेल्या चार्ली डीनला गोलंदाजीच्या टोकाला धावचीत केले. इंग्लंडमधून खेळभावनेचे धडे सुरू झाले तेव्हा आपण सगळे दीप्तीच्या पाठीशी उभे राहिलो. १९४७ साली सिडनीत विनू मंकड यांनी बिल ब्राउनला तसेच बाद केले आणि मंकड यांच्या नावाने त्या बाद होण्याला हिणवले गेले, याचीही आपल्याला चीड आहे. मंकड यांची बाजू तेव्हा कुणी घेतली? ऑस्ट्रेलियाचा कर्णधार डॉन ब्रॅडमन याने. बाद झालेला फलंदाज त्याच्याच संघाचा होता. आज ऑस्ट्रेलियाच्या यष्टिरक्षकाची बाजू घेताना आपण मागे का हटावे?

हेडिंग्लेची कसोटी इंग्लंडने ३ गड्यांनी जिंकली आहे, १९ जुलैपासून मँचेस्टरला पुढची सुरू होईल. कॅरीची हुर्यो तिथेही उडवली जाईल. आपल्या क्रीडा पानावर गेल्या आठवड्यात तीनदा 'बेअरस्टो वादग्रस्तरीत्या बाद' असे छापून आले. धावफलकात ती नोंद 'यष्टि. कॅरी, गो. ग्रीन १०' अशी आहे. मँचेस्टरच्या बातम्यांत लॉर्ड्सचा उल्लेख येईल तेव्हा कृपया 'यष्टिचीत' एवढेच छापावे, आणि जमल्यास नियम २० व ३९ यांचा मराठी मजकूर एका चौकटीत द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पंच
दादर, मुंबई
११ जुलै २०२३