रीलमध्ये सरकारी गाडी नको, मग मुलाचा चेहरा चालतो?

मा. संपादक,

सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमांवर कसे वागावे, याचे नियम सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. शासनाच्या धोरणांवर टीका नको, गोपनीय कागद टाकू नयेत, रीलमध्ये पदनाम, गणवेश, सरकारी गाडी, इमारत दिसू नये, असे बरेच काही त्यात आहे. जिल्हा परिषदेचे शिक्षकही या नियमांत येतात. मात्र नियम सगळ्याच खात्यांसाठी असल्याने वर्गातल्या मुलांचा वेगळा विचार त्यात नाही. शिक्षकाच्या मोबाइलमध्ये सर्वांत नाजूक असते ती मुलांचीच माहिती.

दुसरी-तिसरीतल्या मुलाला फळ्यापुढे उभे करायचे, त्याचे चुकलेले पाढे किंवा बोबडे उत्तर चित्रित करायचे आणि वर हसण्याचा आवाज लावून टाकायचे, अशा रील मी नेहमी पाहते. लाखो लोक हसतात. ते मूल दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात येऊन बसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही बंदी घातली आहे. हा मानसिक त्रासच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सगळ्यांचे गुण किंवा थकलेल्या फीची यादी टाकणे, हेही त्यातलेच.

सगळा दोष शिक्षकांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. करोनाकाळात याच शिक्षकांनी स्वतःच्या डेटापॅकवर धडे चित्रित करून वाड्या-वस्त्यांवर पोहोचवले. आणि त्यांना फोटोंची सवय लावली कोणी? पोषण आहार, वृक्षारोपण, दिंडी, प्रत्येक उपक्रमाचे फोटो वरून मागितले जातात, तेही तासाभरात. २०१६ मध्ये तर दर सोमवारी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून सरल या शिक्षण विभागाच्या ऑनलाइन माहिती प्रणालीवर टाकण्याचा आदेश निघाला होता! हे सारे शिक्षकाच्या खासगी मोबाइलमध्ये साठते. ते कधी पुसायचे, हे कोणीच सांगत नाही.

खासगी अनुदानित शाळांची सेवाशर्तींची नियमावली १९८१ची, तेव्हा मोबाइलच नव्हता. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. प्रवेशाच्या वेळी गठ्ठ्याने सह्या घेऊन ती मिळवू नये.

शालेय शिक्षण विभागाने सर्व व्यवस्थापनांच्या शाळांसाठी स्वतंत्र नियम काढावेत. मुलांचे चित्रण शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यावर नको. शाळेच्या खात्यावर टाकायचे तर त्या-त्या वेळी पालकांना विचारावे आणि पालकांनी सांगताच ते काढावे. मुलाची चूक, शिक्षा किंवा गरिबी दाखवणारे चित्रण कुठेच नको. हे नियम ठरवताना शिक्षक संघटनांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांमधल्या पालकांना बोलवावे. तोवर अधिकाऱ्यांनी निदान गटांवर मुलांचे फोटो मागणे थांबवावे. त्यासाठी कोणत्याही नव्या शासन निर्णयाची गरज नाही.

– एक निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा