पैंजण दिसले, तराजू दिसला नाही

संपादक महाशय,

रविवारच्या पुरवणीतला बायबलमधल्या भविष्यवाणीचा लेख वाचला. मुलींचे कपडे, मोबाइल, घटस्फोट, पुन्हा मोबाइल, आणि म्हणून जगाचा अंत जवळ. लेखकाची तळमळ मान्य. पण संदेष्ट्यांना साक्षीला बोलवायचे, तर त्यांची साक्ष पुरी तरी ऐकावी.

संदेष्टा यशया याच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायात सियोनच्या बायकांचे पैंजण लेखकाला बरोबर सापडले. त्याच्या लगेच वरची दोन वचने (3:14-15) सापडली नाहीत. ‘गरिबांची लूट तुमच्या घरांत आहे’ असे तिथे वडीलजनांना आणि सरदारांना सुनावले आहे. पापामुळे नाश झालेल्या सदोम नगराचेही तेच. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात (16:49) सदोमचे पाप म्हणून आधी गर्व, भरल्या पोटाचा आराम आणि गोरगरिबांना हात न देणे येते. अमंगळ कृत्ये त्यापुढच्या वचनात.

आणि संदेष्टा आमोस? त्याचे तर नावही नाही! दक्षिणेतल्या यहूदा राज्यातल्या तकोवा गावचा हा मेंढपाळ उत्तरेच्या इस्राएल राज्यात जाऊन बोलला तेव्हा तिथे दुसऱ्या यराबाम राजाचे राज्य भरभराटीत होते. सण पाळले जात होते, बेथेलच्या देवस्थानी अर्पणे चढत होती. व्यापाऱ्याला घोर एकच, शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा दिवस) संपतो कधी आणि धान्य विकतो कधी. नाणी तेव्हा नव्हती, चांदी तोलून द्यायची. म्हणून धान्याचा एफा (सुमारे 22 लिटरचे माप) लहान करायचा आणि चांदी तोलायचा शेकेलचा दगड (सुमारे 11 ग्रॅम) जड ठेवायचा. माप दहा टक्के कमी आणि दगड दहा टक्के जड केला की भाव 22 टक्क्यांनी चढतो; तोंडी सांगायचा दर मात्र जुनाच. वर तराजू खोटा आणि गव्हाच्या नावाखाली भूस. हे सगळे आमोसाच्या पुस्तकात आठव्या अध्यायाच्या दोन वचनांत (8:5-6) आहे. पिशवीत लहानमोठी वजने ठेवायला बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या नियमशास्त्राच्या पुस्तकात (25:13) बंदी होतीच, त्यामुळे नियम ठाऊक नव्हता म्हणायची सोय नाही.

बेथेलचा याजक अमस्या याने आमोसाला ‘यहूदात जा, तिथे भाकर खा’ म्हणून हाकलले. नुसत्या पैंजणांवर बोलला असता तर बहुधा मानाने जेवायला बसवले असते. इ.स.पू. 722च्या सुमारास अश्शूरच्या साम्राज्याने उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन घेतली. आमोसाने ज्यांच्यावर कोरडे ओढले त्यांच्या हस्तिदंती चैनीचे तुकडे 1930च्या दशकात तिथल्या उत्खननात निघाले. आपल्या लेखकाच्या चिन्हांच्या यादीत वजनमाप, व्याज, मजुरी यांतले एकही नाही.

जाता जाता. लेखासोबतचे चित्र मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम न्याया’चे आहे, खाली ओळ ‘सदोमचा नाश’. त्या भिंतीवर मेलेले उठताहेत, शहर जळत नाही. लेख तपासायला वेळ नसेल, निदान चित्राखालची ओळ तरी छापण्याआधी कुणा जाणत्याला दाखवा.

— एक वाचक, अहिल्यानगर